कुसाबाईच्या पालावरचा चेहरा

सायखेड्याला गोदावरी घाईत नसते. नाशकात तिला कामं फार. किती घाट भिजवायचे, किती जणांची पापं धुवायची, किती दिवे वाहून न्यायचे. ते सगळं उरकून ती सायखेड्याच्या वळणावर येते तेव्हा दमलेल्या बाईने ओट्यावर पाय पसरून बसावं तशी पसरते. काठच्या काळ्या मातीला पाणी पाजते, म्हशींना अंगावर घेते आणि मग सावकाश पुढे निघते. त्या पाण्यावर आणि त्या मातीत जे वांगं धरतं ते असं काळंभोर, असं तुकतुकीत, की बघणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसावं.

त्या वांग्यांची मालकीण कुसाबाई. नवरा सहादू शेत बघायचा आणि ही बाजार बघायची. रोज पहाटेच्या टेम्पोत पाट्या चढवून ती पंचवटीत गंगेवर यायची. गोदावरीला नाशकात सगळे गंगाच म्हणतात. भाजीबाजारात चार बांबू रोवून, वर जुनं पोतं नाहीतर फाटकं धोतर ताणून तिचं पाल उभं राहायचं. पाट्या मांडल्या की पहिलं काम वांगी पुसण्याचं. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. शेजारची सखुबाई मेथीवर पाणी मारता मारता हसायची, म्हणायची, ही वांग्यांना आंघोळ घालते, आता पावडर लावायची तेवढी राहिली. कुसाबाईचं उत्तर ठरलेलं होतं. गिऱ्हाईक आधी तोंड बघतं, मग देठ बघतं. काळ्या मालाला चकाकी पाहिजे, बास.

ती स्वतःही तशीच होती. काळी, उंच, ताठ मानेची. तिच्या सोयरिकीच्या वेळी कोणीतरी तिच्या रंगाबद्दल कुजबुजलं होतं. तिचा सासरा देवराम म्हणाला होता की आपली जमीन गोरी असती तर मी काळजी केली असती. तिथेच बोलणं संपलं आणि साखरपुडा झाला.

हा देवराम बुद्धिबळाचा वेडा. गावच्या देवळाच्या पारावर तो आणि भिका गुरव वर्षानुवर्षं एकमेकांसमोर बसायचे. भिका गेला आणि देवरामचा पट उघडा पडला. म्हातारा दोन्हीकडून आपणच खेळायचा आणि आपल्यावरच चिडायचा. एकदा चहा घेऊन आलेल्या सुनेने कपबशी ठेवता ठेवता म्हटलं, मामा, तुमचा उंट मरतोय. म्हाताऱ्याने चहा घेतला नाही. तिला समोर बसवलं.

तो खेळ जुना, देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. हात लागली ती सोंगटी चाललीच पाहिजे, मग ती मरो की तरो. आणि सगळ्यांत मोठा नेम असा की डाव अर्ध्यात सोडायचा नाही. हरणारा असेल तरी राजा मरेपर्यंत बसायचं. डाव सोडणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठणं, असं देवराम सांगायचा. कुसाबाई तो नेम शिकली आणि पुढे तो नेम तिच्या अंगातच मुरला.

मुलगी ललिता झाली ती आजोबाच्या मांडीवर, पटाच्या कडेला वाढली. रंग आईचा, डोकं आजोबाचं. दहावीनंतर ती नाशकात कॉलेजला आली आणि तिथे तिला धनराज सर भेटले. सर गणित शिकवायचे आणि जिल्ह्याच्या बुद्धिबळ मंडळाचे चिटणीस होते. त्यांनी ललिताला नवे नियम दिले, घड्याळ लावून खेळायला शिकवलं. घड्याळाचं ऐकून देवराम हळहळला होता. विचार करायला वेळ नाही तर खेळायचं कशाला, हे त्याचं म्हणणं. पण नात जिंकून आली की वेशीपर्यंत सामोरा जायचा. पुढे तोही भिकाच्या वाटेने गेला, डाव पुरा करूनच.

मंडळाची बायकांची स्पर्धा दरवर्षी व्हायची, पण ती म्हणजे लग्नातल्या वाजंत्र्यांचं जेवण. पुरुष आत हॉलमध्ये पंख्याखाली, पोरी बाहेर ओट्यावर. दोन टेबलं, वर ऊन. दुपारच्या आत सगळं उरकायचं आणि जिंकणारीला स्टीलचा डबा. पुढे राज्य स्पर्धेला पाठवायला मंडळाकडे काही नसायचं. ललिता दोनदा डबा घेऊन घरी आली. दुसऱ्या वेळी तिने डबा आईपुढे ठेवला आणि म्हणाली, आई, आपल्याला डब्यांचं दुकान काढायचंय का? ते कुसाबाईच्या मनात काट्यासारखं राहिलं. पोरीला राज्याला जायचं होतं. सांगलीला, जिथे बुद्धिबळाला देवासारखं मानतात असं देवराम सांगायचा.

मग अठ्ठ्याण्णव सालची संक्रांत आली आणि तिच्यासोबत कंपनी आली.

कंपनी मुंबईची. तिची चंद्रगौरी नावाची क्रीम होती, तोंडाला लावली की गोरं करणारी. बायकांची स्पर्धा आम्ही भरवतो, कंपनीने सांगितलं. मोठा हॉल, मांडव, दोन्ही दिवस जेवण, आणि पहिल्या आलेल्या मुलीचा सांगलीचा सगळा खर्च. धनराज सर इतके हरखले की घरी जाऊन त्यांनी बायकोला पेढे आणायला लावले. अटी काय, हे त्यांनी विचारलंच नाही. अटी नंतर आल्या, रुसलेला जावई पाटावर बसल्यावर एकेक मागतो तशा. आधी म्हणे पोरींनी गुलाबी पट्टे घालावेत. मग म्हणे हळदीकुंकवाचा हंगाम आहे, तर प्रत्येक खेळाडूला वाण म्हणून क्रीमचं खोकं द्यावं. मग म्हणे मांडवात काळा रंग दिसू नये. सरांनी चाचरत विचारलं की बुद्धिबळात निम्म्या सोंगट्या काळ्या असतात, त्यांचं काय करायचं. कंपनीने त्यावरही तोड काढली. काळ्यांच्या जागी गुलाबी सोंगट्या करून पाठवल्या.

आणि शेवटी कंपनीचे साहेब स्वतः भाजीबाजारात आले, फोटोवाल्याला घेऊन.

साहेब तरुण होते, गोड बोलायचे, कांद्याच्या सालींवरून बूट सांभाळत चालायचे. त्यांनी कुसाबाईला मावशी म्हटलं. मंडळाची सगळ्यांत हुशार मुलगी तुमची, तिचं मोठं चित्र आम्हाला मांडवात लावायचंय, तुमची परवानगी पाहिजे, असं ते बोलले. सगळा बाजार ऐकत होता. सखुबाईने मेथी खाली ठेवली. कुसाबाईची छाती कशी फुलली असेल ते आईलाच कळेल. तिने ललिताला पाटीवर बसवलं, खोबरेल तेलाचं बोट तिच्या गालांवरून फिरवलं आणि धुतलेल्या फडक्याने चेहरा पुसून असा चकचकीत केला की जणू आत्ताच तोडून आणलेला माल.

"काढा," ती म्हणाली, "आन काढायचा तर मोठा काढा."

ललिता म्हणत होती की आई, आधी विचार तरी कशाला पाहिजे ते. पण तेल लागलेल्या गालांनी नीट बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी वाणाचं खोकं आलं. आता वाणाचा रिवाज असा, की आलेलं वाण एकटीने ठेवायचं नसतं, ते लुटायचं असतं. कुसाबाईने खोकं बाजारात फोडलं आणि हळदीकुंकू लावून एकेकीच्या हातात एकेक नळी ठेवली. नळीवर गोऱ्या बाईचं चित्र होतं. नाशकाची थंडी तेव्हा ऐन भरात. गंगेच्या ओल्या दगडांवर अनवाणी उभं राहून बाजारातल्या बायांच्या टाचा उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगाळल्या होत्या. मेण लावा, कोकमतेल लावा, रात्री भरायच्या आणि सकाळी पुन्हा उकलायच्या. सखुबाईने नळी दाबून बघितली, बोटाला घट्ट लागलं. एवढं घट्ट तोंडाला कोण लावतं, ती म्हणाली आणि सरळ टाचेला फासलं. तिचं बघून दुसरीने, दुसरीचं बघून तिसरीने. आठवडा उलटला आणि बाजारात बाया वाकून एकमेकींच्या टाचा बघायला लागल्या. भेगा मिटल्या होत्या. पायाला मऊपण आलं होतं. कुसाबाईला वाटलं, कंपनी मोठी पुण्यवान.

स्पर्धेच्या दिवशी तिने पाल बांधलंच नाही. माल शेजारी सोपवला, नवं लुगडं नेसली आणि सखुबाईसकट अर्ध्या बाजाराला घेऊन हॉलवर गेली.

दारातच अडली. तिथे शहरातल्या काही बाया हातात निषेधाच्या पाट्या धरून उभ्या होत्या. त्यांच्या पुढारी मीनाताई, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या. पेपरातही त्यांनी लिहिलं होतं की मुलींच्या डोक्याची स्पर्धा आणि जाहिरात त्यांच्या कातडीची, हा अपमान आहे, मुलींनी खेळू नये. त्यांनी कुसाबाईचा हात धरला आणि कळवळून तेच सांगितलं.

कुसाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, पोरींनी खेळू नको, हे सांगणारी मानसं आमच्या गावात लय हायेत. त्यासाठी नाशकाला यायची गरज नव्हती."

मीनाताईंनी हात मात्र सोडला नाही. हलकेच म्हणाल्या, "मावशी, एकदा आत जाऊन वर बघा. मग बोलू."

कुसाबाई आत गेली आणि तिने वर बघितलं.

मंचामागे भिंतभर कापडी फलक होता, रंगवलेला. डाव्या अंगाला तिची ललिता. उजव्या अंगाला दुसरी एक मुलगी, गोरी, हसरी. डावीकडे लिहिलं होतं, वापरण्याआधी. उजवीकडे, वापरल्यानंतर. आणि डावीकडची ललिता तिच्या रंगाची नव्हतीच. कोळशाच्या रंगाची होती. तेल लावलेले गाल घामट दिसत होते, डोळे ओढलेले होते. आईने चकाकी आणली होती, कोणीतरी ती काढून त्यावर काजळी फासली होती.

सखुबाईला वाचता येत नव्हतं, तिलाही वाचून दाखवावं लागलं नाही.

फलक रंगवला होता यादव पेंटरने. सहादूचा जुना मित्र. तो मंचामागे लपायला बघत होता, कुसाबाईने गाठलंच. त्याने मान वर केली नाही. "वहिनी, मी आधी नीट काढली होती. साहेब म्हनले अजून काळं, अजून काळं. माझा डबा संपला, तवा थांबले."

ललिता शेजारी येऊन उभी राहिली होती. गुलाबी पट्टा तिने घातला नव्हता, मुठीत चुरगळून धरला होता. कुसाबाईला वाटलं पोर रडेल. पोर म्हणाली, "आई, मला खेळायचंय. तू हो म्हनलीस तेव्हा मी आधी विचार म्हनले होते, ते राहू दे. पण आता खेळू दे."

हे लेकीचं बोलणं आईला जास्त लागलं. चूक तिची होती. सगळ्या बाजारादेखत तिने होकार दिला होता आणि सायखेड्यात जो नेम सोंगटीचा तोच शब्दाचा. हात लागला, चालावंच लागतं.

तरी ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. फलक काढता येणार नाही, तुम्हीच परवानगी दिली होती, असं त्यांनी गोडीने सांगितलं. उलट हा फलक स्पर्धेनंतर सीबीएसला एसटी स्टँडवर लागणार होता आणि त्याच्या नकला तालुक्या-तालुक्याच्या बाजाराला, सायखेड्यालासुद्धा. मुलगी जिंकली तर फारच छान, म्हणाले. आणि फलकावरून मुलीचं चित्र काढायचं असेल तर स्पर्धेतून तिचं नावही काढावं लागेल.

असा तो पेच होता. पोर जितकी चांगली खेळेल तितकी ती कोळशाची पोर गावोगाव फिरणार होती. आणि खेळली नाही तर सांगली गेली. धनराज सरांनी हात जोडले. ते म्हणाले, कुसाबाई, माझं चुकलं, मी आधी विचारलं नाही. पण दोन दिवस कळ सोसा. हे उधळलं तर पुढच्या वर्षी पोरी पुन्हा ओट्यावर बसतील. माणूस खोटा नव्हता. डोळे भरले होते त्याचे.

कुसाबाई मागच्या रांगेत जाऊन बसली. मीनाताईही पाटी भिंतीला टेकवून तिच्याशेजारी येऊन बसल्या. बाहेर उभं राहून मला कळतच नाही आत कोण जिंकतंय ते, एवढंच बोलल्या.

खेळ सुरू झाला आणि पहिला घोळ गुलाबी सोंगट्यांनी घातला. मांडवाचं कापड गुलाबी, वरचे दिवे गुलाबी. त्या उजेडात पांढरं काय आणि गुलाबी काय, सगळं एकच दिसायला लागलं. निफाडच्या एका पोरीने आपल्याच हत्तीने आपलंच प्यादं मारलं. येवल्याच्या दोघी एकाच राजाला वाचवत बसल्या होत्या आणि दोघींनाही तो आपला वाटत होता. पंचांनी डोक्याला हात लावला. दुपारी धनराज सर रिक्षाने घरी गेले आणि मंडळाच्या जुन्या काळ्या सोंगट्या पोत्यात घालून घेऊन आले. त्या पटावर उभ्या राहिल्या तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

ललिता जिंकत गेली. शेवटचा डाव आला तो दुसऱ्या दिवशी, आणि समोर कोण, तर फलकावरची उजवीकडची मुलगी. पूजा तिचं नाव, कॉलेज रोडला राहणारी. लोकांना काय, चघळायला पानच मिळालं. आज आधीचा आणि नंतरचा सामना आहे म्हणे, असं जो तो एकमेकाला सांगायला लागला. पण त्या दोघी जेवायच्या सुट्टीत एकाच ताटात जेवताना कुसाबाईने बघितल्या होत्या. पूजा फलकाकडे बोट करून चिडून सांगत होती, "मी ही क्रीम कधी हातात धरली नाही. मी जन्मतःच अशी आहे. माझी आजी हो म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही." ललिता तिला म्हणाली की तुझी आजी आणि माझी आई एका पारावर बसवू.

डाव रंगला. कुसाबाईला नवे नियम अर्धेच कळायचे, पण पट बघून हवा कुठली वाहते ते कळायचं. ललिताचं एक प्यादं कडेकडेने, बांधावरून चालणाऱ्या शेळीसारखं, पुढे सरकत होतं. पूजाचा वजीर त्याच्या मागे धावत होता. मग एकाएकी पूजा थांबली, हसली, हात पुढे केला. दोघींनी हात मिळवले आणि उठल्या.

कुसाबाई ताडकन उभी राहिली. राजा जागच्या जागी जिवंत होता.

"काय झालं? भांडलात का?"

ललिताने सांगितलं की पूजा हरली, तिने डाव सोडला, असंच असतं इथे. कुसाबाईला पटेना. पंगतीतून उठली आणि वर हसते. तिने पूजाला सांगितलं, बाई गं, बस आणि मर नीट, मग जा. आणि पूजा खरंच बसली. पंच नको नको म्हणत असताना दोघींनी उरलेला डाव खेळला. बांधावरची शेळी शेवटच्या घराला पोचली, वजीर झाली, राजा मेला. तेव्हा कुठे कुसाबाईने पूजाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली.

बक्षीस समारंभाला हॉल भरला. पेपरवाले आले. धनराज सरांनी ललिताच्या हातात कागद दिला, कंपनीने लिहून पाठवलेल्या चार ओळी. चंद्रगौरीने माझा आत्मविश्वास वाढवला, असं काहीतरी. ललिता कागद घेऊन आईकडे आली. वाचून दाखवला आणि विचारलं काय करू. कुसाबाईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वर कोळशाची पोर. खाली खरी पोर. रांगेत बाजारच्या बाया पाय पुढे पसरून बसलेल्या. तिची नजर सखुबाईच्या पायांवर गेली आणि तिथे जरा थांबली.

"कागद सरांना परत दे," ती म्हणाली. "आन साहेब विचारतील तेवढ्याचं खरं सांग. इचारल्याशिवाय काय बोलू नको. शब्द माझा मी पाळते."

साहेबांनी आधी सगळ्यांसमोर जाहीर केलं की विजेती कंपनीतर्फे सांगलीला जाईल. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माइक ललितापुढे धरला आणि हसून विचारलं, "सांगा ललिताताई, आमची क्रीम घरी आली. काय फरक जाणवला?"

ललिता म्हणाली, "लय फरक पडला. आमच्या बाजारातल्या सगळ्या बायांच्या टाचा मऊ झाल्या."

हॉलमध्ये क्षणभर कोणाला कळेना. साहेबांना वाटलं पोर घाबरून चुकली. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे चेहरा ना? ललिताने मान हलवली. नाही, टाचा. चेहऱ्याला कोणी लावलीच नाही.

"खोटं वाटत असंल तर बघा की," सखुबाई मागून उठली. ती मंचापाशी आली, मंचाच्या कडेवर आपला उजवा पाय ठेवला आणि लुगडं घोट्याच्या वर घेऊन टाच फिरवून दाखवली. चाळीस वर्षं गंगेच्या दगडांवर उभी राहिलेली ती टाच गुलाबी दिव्यांत लोण्यासारखी दिसत होती. "थंडी पडल्यापासून चालता येत नव्हतं, साहेब. देव तुमचं भलं करो. आता मोठी नळी काढा, दोन्ही पायांना पुरंल अशी."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. धनराज सर हसून हसून खुर्चीत मागे पडले. पूजाने ललिताच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मीनाताई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि पदर हलत होता. पेपरवाल्यांचे कॅमेरे चकाकले, पण तोंडं होती टाचेकडे.

साहेब आधी लाल झाले. मग त्यांनी सखुबाईला विचारलं, सगळ्यांनी टाचेलाच लावली? सखुबाईने जरा आठवून सांगितलं की एकीने कोपरालाही लावली होती. तेव्हा मात्र साहेबही हसले. माणूस हसला की निम्मा आपला होतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला तो सखुबाईच्या टाचेचा. आता वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर लिहिलेला फलक स्टँडवर लावणार कोण? लोकांनी चेहऱ्यांकडे बघायचं सोडून खाली पाय कुठे आहेत ते शोधलं असतं. साहेबांनी फलक उतरवायला सांगितला आणि नकलांचं काम यादवकडून काढून घेतलं. यादवला त्याचं जराही दुःख झालं नाही. कापड गुंडाळून बाहेर फेकणार, तोच कुसाबाई पुढे झाली.

"टाकू नका," ती म्हणाली. "जाड हाय कापड. मला द्या, पालाला होईल."

कंपनी पुढच्या वर्षी आली नाही. सांगलीच्या गाडीचं बघू बघू म्हणत साहेबांचं उत्तर यायला इतका उशीर झाला की बाजारातल्या टेम्पोवाल्यांनीच सोय केली. सांगलीकडे कांदा जाणारच होता. ललिता आणि पूजा कांद्याच्या गोण्यांपुढे केबिनमध्ये बसून गेल्या, मधे कुसाबाई. तिथे ललिता कुठल्यातरी मधल्या नंबरावर आली. पण जुन्या माणसांनी तिचा एक डाव उभं राहून बघितला. कुसाबाईने सांगलीची हळद घेतली, भाव करून.

आणि बायकांची स्पर्धा? ती पुन्हा ओट्यावर गेली नाही. पुढच्या संक्रांतीला भाजीबाजाराने ती वाण म्हणून घेतली. ज्या पालावरून जे येईल ते. जेवणाची भाजी मेथीवालीची, मांडव टेम्पोवाल्यांचा, सोंगट्या मंडळाच्या, काळ्या आणि पांढऱ्या. उद्घाटनाला मीनाताई. पहिल्या नंबराला चषक आणि पाटीभर वांगी, दुसऱ्याला लाल भोपळा. धनराज सर सांगायचे की आमच्याकडे खेळाडू हरायला घाबरत नाहीत, कारण भोपळा मोठा असतो. आणि अट एकच होती, कुसाबाईची. शेवटचा डाव राजा मरेपर्यंत खेळायचा.

फलकाचं कापड तिने मधोमध कापलं होतं. उजवा अर्धा भाग पूजाच्या आजीला नेऊन दिला. तिने त्याची गादीची खोळ केली असं कळलं. डाव्या अर्ध्यावरची अक्षरं कातरीने काढली आणि चेहरा आतल्या अंगाला करून पाल ताणलं. वर ऊन, मधे ललिता, खाली वांगी. गिऱ्हाईक वांगं निवडायला वाकायचं, उठताना वर बघायचं आणि विचारायचं ही कोण. मग कुसाबाई हातातलं काम सोडून सगळं सांगायची, टाचेसकट. असंच एक गिऱ्हाईक, सिन्नरकडचा अमोल मास्तर, फार वेळा वांगी न्यायला यायला लागला. इतकी वांगी एकटा माणूस खात नाही हे बाजाराच्या आधी सखुबाईला कळलं. दोन हजार एकला लग्न झालं. पाहुण्यांपैकी कोणीतरी रंगाचं काढलं, तेव्हा मास्तर म्हणाला की मी मुलगी पालाच्या सावलीत उभा राहून बघून घेतलेली आहे.

वर्षं गेली. ऊन आरपार उतरत राहिलं आणि कापडावरचा रंग उडत गेला. कोळशाची पोर राखाडी झाली, राखाडीची तांबूस, आणि एका उन्हाळ्यात कुसाबाईने वर बघितलं तर ललिता गोरी झाली होती. भाजीबाजारात ह्यावर आठवडाभर हसणं चाललं. कंपनीला जमलं नाही ते उन्हाने केलं, सखुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली.

कुसाबाई मात्र हसता हसता थांबली. तिने यादवला बोलावणं धाडलं. त्याचे हात आता थरथरायचे, पण ब्रश धरला की स्थिर व्हायचे. माहेरपणाला आलेली ललिता मांडीवर पोर घेऊन पाटीवर बसली. समोर देवरामचा जुना पट मांडलेला, पलीकडे आई. कापड खाली अंथरून यादवने रंग कालवायला घेतला आणि अडखळत विचारलं, "वहिनी, रंग कसा धरू?"

कुसाबाईने पाटीतलं एक वांगं उचललं, फडक्याने पुसलं, लेकीच्या गालाजवळ नेलं आणि परत ठेवलं.

"इतकं नको," ती म्हणाली. "हिच्याकडं बघ आन हाय तेवढं धर. आन चकाकी सोडू नको, मागच्या वेळी राहिली व्हती."

यादवने बराच वेळ ललिताकडे बघितलं, मग डब्यात ब्रश बुडवला. इकडे ललिताचा उंट अडकला होता. आई, हरले मी, असं म्हणून ती उठायला लागली. कुसाबाईने मान वरसुद्धा केली नाही.

"बस," ती म्हणाली. "राजा जिवंत हाय अजून."